पिक्चरमधला दीर

इस्लामपूरच्या पेठेत केरबाचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. त्याच्या हातचा ब्लाउज अंगाला असा बसायचा, की लग्न होऊन लांब गेलेल्या पोरीसुद्धा माहेरी आल्या की कापड त्याच्याकडंच टाकायच्या. घरात बायको विजयमाला आणि थोरल्या भावाची विधवा, हौसाबाई. भाऊ उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला, तेव्हापासून हौसावैनी त्यांच्यातच राहिली. दुकानातली काजं-बटणं तीच करायची.

केरबाला नाटकाचं भारी वेड. गणपतीत त्याचं काम बघायला आजूबाजूच्या गावची माणसं यायची. चौऱ्याण्णव साली एका जाडजूड कादंबरीवर पिक्चर काढायला मंडळी पाटणकडं आली, तेव्हा कुणीतरी त्याचं नाव सुचवलं. काम दिराचं होतं. विधवा भावजयीला मारून घराबाहेर काढणारा दीर.

"मला न्हाई जमायचं," केरबा म्हणाला.

विजयमालेनं वाचनालयातून ती कादंबरी आणली आणि रोज जेवणं झाली की दोघांना वाचून दाखवू लागली. भावजयीला हाकलण्याचा भाग सुरुवातीलाच आटोपत होता. पुढं निम्म्याहून जास्त पुस्तकभर तो दीर पस्तावून तिला गावोगाव शोधतो आणि शेवटी आजारी भावजयीला पाठुंगळी घेऊन घरी आणतो. ऐकता ऐकता हौसाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"भाऊजी, करा तुमी हे काम," ती म्हणाली.

केरबानं केलं. शोधायचे प्रसंग कोयनेच्या काठानं घेतले. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो भावजयीला हाका मारत खरोखर रडला.

दिवाळीत पिक्चर गावातल्या टॉकीजला लागला. तिघं बाल्कनीत बसली. पडद्यावर दिरानं भावजयीच्या केसाला धरून तिला उंबऱ्याबाहेर फेकलं आणि खाली बायकांनी एकच गिल्ला केला. "मुडदा बशीवला तुजा!" कुणाची तरी चप्पल पडद्यावर बसली.

केरबा खुशीत विजयमालेच्या कानाला लागला, "पब्लिक कसं पेटलंय बघ!"

इंटरव्हलनंतर तो कोयनेची वाट बघत राहिला. भावजय पुण्याला गेली, शिकली, नोकरीला लागली. दीर परत आलाच नाही. पिक्चर संपला.

जिन्यात बायकांनी त्याला ओळखलं.

"ह्योच की गं त्यो!"

"आवं, पुढं मी शोधतो तिला. पुस्तकात हाय..." केरबा सांगायला लागला. एकजण त्याच्या सदऱ्यावर थुंकली. बाकीच्या हसल्या.

त्यानं दिग्दर्शकाला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "एवढी कादंबरी तीन तासांत कुठं बसवायची? लोकांना तुझा राग यायला हवा होता. आला ना?"

दुकान बसलं. बायका न कापलेली कापडं परत घेऊन गेल्या. असल्या माणसाचा टेप अंगाला लावून घ्यायला कुणी तयार होईना. गल्लीतल्या बायका हौसाबाईला नळावर गाठायच्या. "पोटाला घालतो का गं तुला?" आधी ती त्यांच्याशी भांडली. मग तिच्या हातावरचा तव्याचा जुना डाग बघून त्या एकमेकींना खुणावू लागल्या. हौसाबाई पदरानं तो डाग झाकू लागली.

एकदा जेवताना केरबानं ताट सरकवलं. "वैनी, मीठ किती घातलंय हे?"

हौसाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. "असंच बघितलं हुतं तुमी तिच्याकडं."

"कुणाकडं?"

"पिक्चरमदी."

"वैनी, ती ॲक्टिंग हुती. शिकवल्यालं केलं."

"तितं शिकवलं असंल. हितं कुणी शिकवलं?"



आठवड्याभरात हौसाबाईचे भाऊ तिला माहेरी न्यायला मलकापूरहून जीप घेऊन आले. सगळी गल्ली दारात जमली. केरबा जीपच्या दांडीला धरून म्हणाला, "वैनी, माजं काय चुकलं तेवढं सांगून जावा." त्याला रडू फुटलं.

"बघा, कसा रडतोय! नाटकीच हाय मेला," कुणीतरी म्हणालं. गल्ली हसली. एका पोरीनं तर टाळ्या वाजवल्या. हौसाबाईनं मान खाली घातली. तिच्या थोरल्या भावानं केरबाची बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली.

केरबानं दुकान बंद केलं आणि तो साखर कारखान्यात पोत्यांची तोंडं शिवायच्या कामाला लागला. पुढच्या वर्षी विजयमाला मलकापूरला जाऊन आली. हौसाबाई गोठ्यात भेटली. भावांच्या म्हशींचं सगळं काम तिच्याच अंगावर होतं. तळव्यांना भेगा पडल्या होत्या, आणि गालावर बोटांचे वळ होते.

"चला घरी," विजयमाला म्हणाली.

"नगं. हितं मारत्यात, पण कोण बघाय येत न्हाई," हौसाबाई म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून उकिरड्याकडं गेली.

केरबानं विचारलं तेव्हा विजयमालेनं सांगितलं, "बरी हाय. अंगानं भरलीया."

"मला काय म्हनली?"

"काय न्हाई."

केरबानं मान हलवली आणि कारखान्याच्या पाळीला निघाला.