आधी दिवा, मग मोटर

“चव्हाणांची मुलगी बोलत नाही, पण तिच्या खोलीत रिले वाजतोय,” खिडकीखाली कुणीतरी वॉचमनला सांगत होतं.

मी कीबोर्डवरून हात उचलला. पत्त्याच्या पानाएवढ्या कॉम्प्युटरला मी रिलेचा बोर्ड जोडला होता. रिले म्हणजे हात न लावता, प्रोग्रामच्या हुकमावर चालू-बंद होणारे छोटे स्विच. त्यांची टकटक शेजारच्या खोलीत आईलाही ऐकू जात नसे. मी खिडकी लावून घेतली. पाच मिनिटांनी तळमजल्यावरचे सावंतकाका दारात उभे. “दाखव,” म्हणाले.

काकांची सगळी नोकरी मानपाड्याच्या एका कारखान्यात, इलेक्ट्रिक पॅनेल जोडण्यात गेली होती. ते जग कानाने ओळखायचे. जिन्यात कोण आहे ते चपलांवरून सांगायचे. मी कितीही हळू उतरले तरी बंद दारामागून हाक यायची, “काय इंजिनियर, जेवलीस का?” मी मान हलवून पुढे जायचे. बंद दारातून माझी हललेली मान त्यांना दिसत नाही, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

आमच्या बिल्डिंगची खालची टाकी लहान. नळाला पाणी कधी सकाळी, कधी भरदुपारी येई, आणि आलं की लगेच मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागे. निवृत्त झाल्यापासून हे काम काकांकडे होतं. त्यापायी ते डोंबिवलीबाहेर एक रात्रही राहिले नव्हते. आता नाशिकला त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती. तिसऱ्या महिन्यात ठरलेल्या बारशाला चार दिवस जायची त्यांची फार इच्छा होती, पण ते कुणाला म्हणत नसत. मला म्हणाले, कारण मी कुणाला सांगणार नव्हते.

म्हणून आम्ही मोटर आपोआप चालवायचं ठरवलं. रिले थेट मोटरला जोडायला मी निघाले, तर काकांनी वायर काढून घेतली. “हा पोरगा निरोप्या आहे, हमाल नाही. निरोप हा देईल, ओझं काँटॅक्टर उचलेल.” काँटॅक्टर म्हणजे मोटरचा भार पेलणारा दणकट स्विच, तो त्यांनी स्वतःच्या ट्रंकेतून काढला. आणि मोटरच्या जागी साधा बल्ब लावला. “आधी दिवा, मग मोटर. दिवा चुकला तर हसायचं, मोटर चुकली तर रडायचं.”

आठवडाभर दिवा शहाण्यासारखा वागला: खालच्या टाकीतल्या सेन्सरला पाणी लागलं की पेटायचा, पाणी संपलं की विझायचा. मी खूश. मग काकांनी काही न सांगता मेन स्विच पाडला आणि पुन्हा वर केला. खालची टाकी कोरडी असताना दिवा आपोआप लागला. कॉम्प्युटर जागा होईपर्यंत रिले स्वतःच्या मनाने चालू होत होता. मोटर असती तर कोरडी फिरून जळाली असती. माझा चेहरा पडला.

“अगं, नवा कामगार आहे,” काका म्हणाले. “साहेब यायच्या आधीच मशीन सुरू करतो. वाईट नाही तो, उतावळा आहे.”

प्रोग्राम पूर्ण सुरू झाल्याशिवाय रिलेला वीजच मिळू नये, अशी जोडणी आम्ही केली. काकांनी वीस वेळा मेन पाडला. वीसही वेळा दिवा गप्प राहिला. मग मोटर जोडली. महिनाभर काका नुसते शेजारी स्टूल टाकून बसले आणि मोटर बिघडली तर हाताने कशी चालवायची ते मला शिकवत राहिले.

पार्किंगमधल्या सोसायटीच्या मीटिंगला काकांनी बारशासाठी चार दिवस रजा मागितली. सेक्रेटरी म्हणाले, “मशीन छान आहे हो, पण मुलीचा कॉलेजातला प्रयोग तो. सावंत, तुम्ही इथे असलेले बरे. बारसं काय, व्हिडिओ कॉलवर दिसतं.”

काका हसले. “बरोबर आहे. पाणी आधी,” म्हणाले आणि खुर्चीची घडी घालायला लागले.

त्या मीटिंगांना मी आईच्या मागे बसायचे. उभी राहिले तेव्हा आईनेच दचकून वळून पाहिलं.

“काका जाणार आहेत,” मी म्हणाले. “मशीन बंद पडलं तर मोटर मी हाताने लावीन. चारही दिवस मी घरी आहे.”