न बसणाऱ्या बहिणीला वाचलेल्या गोष्टी

आधीच सांगते, भुताच्या गोष्टी मला कधी आवडल्या नाहीत. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाचं झाड, सगळं ठरलेलं. मला वेड लागलं ते विचित्र गोष्टींचं. त्यात भूतबित काही नसतं, सगळं रोजच्यासारखंच चाललेलं असतं आणि मधेच एक काहीतरी बिनसतं. एका गावातल्या सगळ्या दारांच्या कड्या एका सकाळी बाहेरच्या बाजूला गेलेल्या असतात. लोक आतून हाका मारतायत आणि कड्या काढायला बाहेर कुणीच नाही. एक माणूस शिंप्याकडं आपली सावली आखूड करायला टाकतो आणि न्यायचंच विसरतो. ही कड्यांची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सोळा वर्षांची होते. अशी हबकले की कितीतरी दिवस येता-जाता आमच्या दाराची कडी चाचपून बघायचे. आई म्हणायची, "कडी मोडशील की, काय करायलीस?" आता तिला काय सांगावं.

पुस्तक सेलूच्या कॉलेजातलं होतं. पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानं गेलेली, त्यामुळं लिहिलं कुणी हेसुद्धा कळायला मार्ग नाही. मी अकरावीला वालूरहून एसटीनं जात होते आणि ते पुस्तक मी आठवड्यासाठी म्हणून घरी आणलं. ते वर्ष विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावाचं. ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. एसट्या बंद, कॉलेज बंद, पुस्तक माझ्याकडंच राहिलं. आमचं किराण्याचं दुकान, मागं घर. दुकानात माणसं यायची, दबक्या आवाजात बोलायची. अमक्या गावात घरं जाळली, माणसं रानात पळाली. कुणाची जाळली, कुणी जाळली, असं मी विचारलं की एकदम शेंगदाण्याचा भाव निघायचा. माझ्या वर्गात बौद्धवाड्यातली एक मुलगी होती, माझ्याच बाकावर बसायची. तिच्या गावाचं नाव त्या कुजबुजीत ऐकलं. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "पोरीबाळींनी त्यात पडू नये." मोठ्या माणसांचं हे असं. जे डोळ्यांसमोर चाललंय त्याबद्दल बोलायचंच नाही. त्यापेक्षा त्या पुस्तकातली माणसं बरी, निदान दार आतून उघडत नाही म्हणून ओरडत तरी होती.

आणि त्याच दिवसांत माझी चुलती गेली. कावीळ झाली, पोटात उतरली, आणि बघता बघता गेली.

आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरतात ते बसवून. ध्यानाला बसावं तशी मांडी घालून, अंगभर भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवून. घरापासून मळ्यापर्यंत नेतात तेही बसवूनच. मेली म्हणायचं नाही, लिंगैक्य झाली म्हणायचं. शिवात मिळून गेलेल्या माणसासाठी रडायचं नाही. सुतक नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, चूल पेटली, गिऱ्हाईक आलं. यात चांगलं काय नि वाईट काय ते मी आजही ठरवू शकले नाही, पण त्या दिवशी मला ते फार भयंकर वाटलं.

चुलतीला एकच मुलगी, माझ्याहून वर्षानं लहान. मला अक्का म्हणायची. आईला बसवून नेलं तेव्हा ती माझ्याशेजारीच दारात उभी होती. चुलतीच्या कमरेखाली शाल पांघरलेली होती, डोकं मागच्या फळीला उपरण्यानं बांधलेलं होतं, तरी चालणाऱ्यांच्या पावलागणिक हलत होतं, कुणाला तरी हो हो म्हणावं तसं. मी बहिणीचा हात धरला. तिनं काढून घेतला. डोळ्यांत टिपूस नाही. बायका कौतुकानं म्हणाल्या, "लय समजूतदार हाय पोरगी."

समजूतदार पोरगी त्या दिवसापासून बसेनाच.

म्हणजे खरोखर बसेना. झोपायची, उभी राहायची, चालायची, पण खाली टेकायचं नाव नाही. ताट वाढलं की भिंतीला पाठ लावून उभी. पंगतीत उभं राहून जेवलेलं काकांना, म्हणजे तिच्या वडिलांना, खपणारं नव्हतं. "बसून जेव न्हाईतर जेवू नको," असं त्यांनी एकदा दरडावलं, आणि हिनं दुसरंच पत्करलं. पुढं श्रावण लागला. घरातल्या बायका धरूनच चालल्या की ही श्रावण पाळायली, आईसाठी उपास करायली. शेजारणी तर आपापल्या पोरींना हिचं उदाहरण द्यायला लागल्या. मला कळेना, हसावं की कपाळावर हात मारावा. त्या उपासाला सोडणं नव्हतंच. मी माजघरात नेऊन तिला भाकरीचा तुकडा भरवायचे तेवढंच तिच्या पोटात जायचं. मनगटातल्या बांगड्या वर सरकवल्या तर कोपरापर्यंत जायला लागल्या. मला रोज वाटायचं, ही जाणार. आणि घरात दुसऱ्या कुणालाच तसं वाटत नव्हतं.

श्रावण संपत आला तेव्हा कुठं घर जागं झालं, आणि जागं होऊन त्यांनी काय ठरवलं? तर हिला बाहेरचं झालंय. मानवतकडं एक बाबा होता, अंगातलं काढणारा. तो पोरींना मिरच्यांची धुरी देतो आणि ओल्या फोकानं झोडतो, हे गल्लीतल्या लहान लेकरालासुद्धा ठाऊक होतं. एसट्या सुरू झाल्या की हिला तिकडं न्यायचं, असं काकांनी ठरवून टाकलं. हाडांचा सापळा झालेल्या पोरीला फोकानं मारणार.  

अख्खं गाव एसट्या सुरू व्हायची वाट बघत होतं. मी एकटी देवाला विनवत होते की एवढ्यात होऊ देऊ नको.

दुपारी दुकान झाकलं की सगळे आडवे व्हायचे. तेव्हा मी तिला घेऊन दुकानामागच्या कोठारात जायचे. तिथं सरकीची आणि हरभऱ्याची पोती असायची. मी पोत्यावर बसायचे, ती थप्पीला रेलून उभी. बोलायची नाहीच. मग करायचं काय? म्हणून मी पुस्तक काढलं. चांगल्या, बोधाच्या गोष्टी घरात होत्या की. थोर पुरुषांच्या होत्या, पतिव्रतांच्या होत्या. पण तसलं काही तिच्यापुढं वाचायची मला लाज वाटली. मी कड्यांची गोष्ट वाचली.

ऐकता ऐकता तिनं मान माझ्याकडं वळवली. किती दिवसांनी. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "खिडक्या न्हवत्या का त्यांच्या घराला?"

मी चाट पडले. पुस्तक वाचताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हणाले, "असतील. पण त्यात लिहिलेलं न्हाई."

"मग त्यांना ठावं हाय, खिडकीतून उडी मारता येते. मारायली न्हाईत. कडीच पायजे त्यांना."

दुसऱ्या दिवशी सावलीची गोष्ट वाचली. तिसरी एका बाईची होती. ती आरशात बघते तर आरशातली बाई निवांत जेवत बसलेली, आणि ही इकडं उपाशी. ही वाचू की नको असं मला झालं होतं. पण हिनं अशी कान देऊन ऐकली की मीच अडखळायला लागले. वाचून झाल्यावर तिनं माझ्या हातातली भाकरी आपण होऊन घेतली आणि उभ्याउभ्याच अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी मी तिच्यासाठी फडक्यात बांधून ठेवली. 

पुढं आयुष्यभर लोक मला विचारत आले, तरण्या पोरांना असल्या तऱ्हेवाईक गोष्टी कशाला लागतात, त्यातून घ्यायचं काय? मला राग येतो या प्रश्नाचा. पंधरा-सोळाव्या वर्षी घरातली सगळी माणसं तुम्हाला सांगत असतात की काही झालेलं नाही, सगळं ठीक आहे, तू गुमान जेव. आणि तुम्हाला तर दिसत असतं की झालंय. तसल्या वेळी एखादी गोष्ट म्हणते, हो, कड्या बाहेर गेल्यात. आणि त्या गोष्टीतलं कुणीही तुम्हाला म्हणत नाही की असं बोलू नये. माझ्या बहिणीला तेवढंच पाहिजे होतं. तेवढंसुद्धा आमच्या भरल्या घरात कुणाकडं नव्हतं.

एके दिवशी सकाळी गावात एसटी आली. पोरं तिच्यामागं धावली. काका दुकानात म्हणाले, "उद्या निघायचं मानवतला."

त्या दुपारी मी कोठारात पुस्तक उघडलं तर अक्षरंच दिसेनात. बहिणीनं ते माझ्या हातातून घेऊन पोत्यावर ठेवलं. म्हणाली, "अक्का, आज मी सांगते."

आणि तिनं सुरू केलं. आवाज बारीक, पण कुठं अडखळणं नाही. "एक बाई होती. तिचे गुडघे धरलेले. तिला मांडी घालता यायची न्हाई. पंगतीत ती पाय लांब सोडून बसायची आन् लोक तिला नावं ठेवायचे. मग ती मेली. लोकांनी तिला मांडी घालून बसवलं, वरून माती टाकली आन् घरी येऊन जेवले. बाईला वाटलं, आता पाय सोडावा. पण जागाच न्हाई. तिनं लय हाका मारल्या. तिच्या लेकीला तेवढ्या ऐकू आल्या. बाई लेकीला म्हणाली, तू उभी राहा ग. तू उभी असलीस की माझे पाय सुटतेत. तू बसलीस की दुमडतेत."

 चुलतीचे गुडघे असेच धरलेले होते. रोज बघत होते मी ते, तेल लावून दिलं होतं मी स्वतः, आणि इतक्या दिवसांत हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. ही पोर आईच्या पायांना कळ लागू नये म्हणून उभी होती. जेवण टाकून, शाळा टाकून, लोकांचं ऐकून घेत नुसती उभी होती. आणि आम्ही म्हणत होतो, श्रावण.

मागं काहीतरी वाजलं म्हणून वळून बघितलं तर दारात काका. हरभऱ्याचं पोतं न्यायला आले असतील. कधीपासून उभे होते कोण जाणे.  मेलेल्या माणसाबद्दल असलं बोलणं, तेही त्यांच्या बायकोबद्दल. मला वाटलं, आता हात उचलणार. मी उठून बहिणीच्या पुढं उभी राहिले.

काकांनी हात उचलला नाही. खाली बघत म्हणाले, "मांडी घातली न्हाई तिची."

आम्हाला कळेना ते काय म्हणतायत.

"दुमडेनातच गुडघे," ते म्हणाले. "खड्ड्यात मी होतो आन् स्वामी होते, दोघंच. वर बाकीचे मंत्र म्हणायलेले. स्वामी म्हणाले, जोर लावू नका, राहू द्या, शिवाला चालतंय. मग मीच पुढची माती कोरली हातानं. पाय सोडून बसवली तिला. पाठीला टेकू हाय मातीचा, चांगला."

उभ्या जन्मात मी काकांना बायकोबद्दल एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. बहीण माझ्या मागून पुढं आली. तिनं विचारलं, "दोनी पाय?"

"दोनी."

"सरळ?"

"सरळ. पदर नीट केला पायावर."

 आता तिच्या जिवात जीव येईल, ती बापाच्या गळ्यात पडेल, असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा लालबुंद झाला. "मग मला का न्हाई सांगितलं?"

काका म्हणाले, "भावकीत बोभाटा झाला असता, माय. म्हणाले असते, विधी मोडला. तुला सांगायचं तर…" 

"मी लय दमले अप्पा," ती म्हणाली, आणि तिथंच मातीत बसली. पाय लांब सोडून बसली आणि रडायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा रडत होती, घसा फुटेस्तोवर. आवाज ऐकून माझी आई मागच्या दारानं धावत आली, सवयीनं म्हणाली, "रडायचं न्हाई ग, लिंगैक्य झाली ती." मी आईला म्हणाले, "तू आत जा. भाकरी घेऊन ये." जन्मात पहिल्यांदा मी आईला हुकूम केला, आणि ती गेलीसुद्धा.

मी बहिणीशेजारी बसले. आईनं ताट आणलं, ते तिच्या मांडीवर ठेवलं. ती रडत रडत खात होती. काका दारातच अवघडून उभे होते. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही. मीही नाही.