सावकाश उघडणारं पान

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी आईच्या आजाराचं नाव मोबाईलमधल्या तिन्ही ब्राउझरमध्ये टाकून पाहिलं. तेच पान, आणि शेवटची ओळही तीच. एखादा तरी जरा दयाळू निघेल, असं वाटलं होतं. आमच्या गावच्या देवळात कौल मनासारखा आला नाही, की माणसं गुरवाला पुन्हा लावायला सांगतात. माझं तसंच चाललं होतं.

"ताई, तो जुना ब्राउझर काढून टाक गं," धाकटा भाऊ म्हणाला. "किती रखडतो! हा बघ, झटक्यात उघडतो."

खरंच झटक्यात उघडला. म्हणूनच मला तो नको झाला.

मी जुनाच ठेवला आहे. त्यात पान उघडेपर्यंत कोऱ्या पडद्यावर नुसतं एक चक्र फिरत राहतं. तेवढा वेळ आईला काहीच झालेलं नसतं.