जांभळी गोगलगाय

ओळखपत्रांचे फोटो काढता काढता त्याचं नाव ‘हसूनका’ पडलं होतं, कारण दुकानात आलेल्या प्रत्येकाला तो तेच सांगायचा. पण दुकान उघडण्याआधी रोज सकाळी तो किनाऱ्यावर जाऊन भरतीने टाकलेल्या जिवांचे फोटो काढायचा. काचेसारख्या जेली, बटणाएवढे निळे जीव, पिसांसारखे किडे. बावीस वर्षांचा नेम.

मग धाकटी बहीण सोबत येऊ लागली. दातांच्या दवाखान्यात नंबर लावणारी, हातात साधा मोबाइल. दोन वर्षांत वाचनालयात तिच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं!

हसूनका कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि पहिल्याच फोटोपाशी त्याच्या पोटात दुखू लागलं. जेलीच्या आरपार सूर्य दिसत होता. ती वाळूत पालथी पडून फोटो काढायची. हा कपडे मळतील म्हणून उभ्यानेच. त्याचे जीव ओळखपत्रावरच्या माणसांसारखे दिसायचे. तिचं यश नशिबाचं असतं तर एकवेळ चाललं असतं. ते नशिबाचं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं.

“भावाकडूनच शिकलात ना?” कुणीतरी तिला विचारलं.

“हो तर,” ती म्हणाली. तेही त्याला टोमण्यासारखं लागलं.

चार दिवसांनी त्याला फेसाच्या तराफ्याला लटकलेली जांभळी गोगलगाय दिसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बहीण मागून येत होती. कॅमेरा काढायचं सोडून त्याने पायाने गोगलगाय पाण्यात ढकलली. लाटेने परत आणली. त्याने पुन्हा ढकलली.

“दादा, राहू दे आता,” मागून आवाज आला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “पाहिलंस?”

“पाहिलं. बाबांनी कॅमेरा तुला दिला ना, तेव्हा त्याची लेन्स मी विहिरीत टाकली होती.”

“तू? आणि मार मी खाल्ला!”

“तुला द्यायचं काय कारण होतं? तू थोरला म्हणून?” ती हसत नव्हती.

लाटेने गोगलगाय पुन्हा आणून टाकली, तशी ती मोबाइल घेऊन वाळूत पालथी पडली. तो गुडघे टेकून, कण्हत, तिच्या शेजारी पालथा पडला. दोघांनी फोटो काढले. त्याचा हलला. तिचा मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. तो अंक त्याने दुकानात लावला खरा, पण गिऱ्हाइकाने “वा!” म्हटलं की तो अजूनही जरा जोरातच म्हणतो, “हसू नका.”