अर्धं ठेवलेलं वाक्य

रावजीकाका आज सकाळी गेले आणि मला लिहिता येतंय.

याचाच राग येतोय. कारण बाबा गेले तेव्हा एक ओळ सुचली नव्हती.

२०१४. डहाणूच्या घरी भर दुपारी मी दिवाळी अंकाची कथा संपवत होते. आतून बाबांनी हाक मारली. मी म्हटलं, "एवढं पान संपवते, मग येते."

पान संपलं. आत गेले, तर बाबा राहिले नव्हते.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

त्यानंतर पेन हातात घेतलं की ती हाक ऐकू यायची. संपादकांचे फोन आले की शाळेचं काम खूप आहे म्हणून वेळ मारून न्यायचे.

मैत्रिणी म्हणाल्या, रायटर्स ब्लॉक आहे, होतो सगळ्यांना, बोर्डीला जाऊन समुद्रावर बस. बसले. नवी डायरी कोरीच परत आली, वर पानापानांत वाळू.

कहर म्हणजे वारस नोंदीचा अर्ज. तलासरीकडे बाबांची थोडी जमीन होती. मी मराठीची शिक्षिका, नावावर एक कथासंग्रह, आणि "माझे वडील" या दोन शब्दांपुढे हात हलेना.

शेवटी तलासरीला कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या रावजीकाकांपुढे जाऊन बसले. मुलांना निबंध शिकवणारी बाई, अंगठा उठवणाऱ्यांच्या रांगेत.

काकांची पद्धत उलटी. कागदाच्या तळाशी आधी विनंती लिहायची, मग वरचा मजकूर. मग सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. समोरचा माणूस "हां, असाच" म्हणाला तरच अंगठा. तो जरा जरी घुटमळला तर कागद फाडून दुसरा घ्यायचे.

मला म्हणाले, "वरनं सुरू केला का माणूस रडत बसतो, बाय. आधी सांग, तुला पायजे काय?"

अर्ज दहा मिनिटांत झाला. पण मी उठलेच नाही. का कोण जाणे, ती हाक, ते पान, सगळं त्यांना सांगून टाकलं.

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "मग तेच लिव. तळाला."

घरी येऊन तळाला लिहिलं, "बाबा, मी तेव्हाच उठायला हवं होतं."

वरचा कागद भरायला दोन वर्षं लागली.

कचेरी चालू असलेल्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की काकांच्या बाकड्यावर जाऊन बसायचे. कधी एक ओळ व्हायची, कधी तीही नाही. काका विचारायचे नाहीत. मी फारच रेंगाळले तर कोणाचा तरी अर्ज पुढे करून नक्कल काढायला लावायचे.

पूर्ण झालं तेव्हा त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

"मी कशाला हां म्हणू? अर्ज तुझा."

माझ्याने 'हां' म्हणवलं नाही. लिहिणं मात्र पुन्हा सुरू झालं.

गेल्या रविवारी दुपारी लिहीत होते. काकांच्या मुलीचा फोन आला. त्यांना कासाला दवाखान्यात ठेवलंय, तुमचं नाव घेतायत, म्हणाली.

वाक्य मध्यावर होतं. खोटं कशाला बोलू, डोळे कागदाकडे गेले. दोनच शब्द राहिले होते.

राहू दिले. मिळाली ती जीप धरून कासा गाठलं.

काकांचा आवाज पार खोल गेला होता.

"लिवत व्हतीस?"

"हो."

"मग?"

"वाक्य अर्धं ठेवून आले, काका."

मग म्हणाले, "हां. असाच."

त्यानंतर चार दिवस होते. रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसत होते. बोलणं असं झालंच नाही.

वही अजून तशीच उघडी आहे. ते दोन शब्द कोणते होते ते आता आठवत नाही, आणि आठवून करायचंय काय.

ही पोस्टसुद्धा तळापासून लिहिली आहे. सकाळी निरोप आला तेव्हा खालची ओळ आधी लिहिली, मग वरचं सगळं.

काका, या वेळी मी उठले होते. तुम्ही निघा आता, या.