दोन्ही हात मोकळे

"आई शांतपणे गेली," असा दिगूचा फोन त्या दिवशी सकाळी आला आणि माझं डोकंच फिरलं. शांतपणे? पावसाळाभर खुब्याचं हाड मोडून जी बाई खाटेवर पडून राहिली, कूस बदलायची म्हटलं तरी कळवळायची, ती शांतपणे गेली म्हणे! दिगू म्हणजे काकीचा थोरला, माझा चुलतभाऊ. बोलायला त्याला छान येतं. तो लाटंबार्से गावात आणि मी धारगळला, म्हणून वाचला मेला. इतके दिवस गप्प बसले... आता लिहिते.

काकी दोडामार्गाकडची. गोवा राज्य झालं त्याच वर्षी लग्न होऊन आली. मी तेव्हा लहान, तिच्या पदराला धरूनच असायची. काका खनिजाच्या ट्रकावर होता, तो लवकर गेला आणि काकीने दोन गाईंवर मुलं वाढवली. राज्य आलं, घरात वीज आली, पण गोठा उतरणीखाली, तिथपर्यंत काही तार पोचली नाही. पहाटे काकी बॅटरी दातांत धरून दूध काढायची. दोन्ही हात सडांना, मग धरणार कुठे? "गे काकी, दात पडतले तुझे," मी म्हणायची. "पडले तर पडांदेत. बॅटरी पडाक नको," ती म्हणायची.

डोक्याला बांधायच्या एलईडी बॅटऱ्या डिचोलीच्या बाजारात आल्यात, हे तिला मीच सांगितलं. दोघी गेलो. दुकानदाराने सगळ्यात झगझगीत होती ती पुढे केली. "मावशे, अर्ध्या मैलार उजेड पडता!"

"माझी गाय अर्ध्या मैलार नाय रे, नाकाफुडे आसा."

मग तिने त्याचं अर्धं दुकान खाली उतरवलं. निळसर पांढरा उजेड नको, दुधात रक्ताची झाक आली तर त्यात कळणार नाही, पिवळसर दाखव. मंद करता आली पाहिजे, नाहीतर गाय बुजते. चार्जिंगची नको, वीज गेली की काय चाटायची? गावच्या दुकानात मिळतात ते पेन्सिल सेल चालले पाहिजेत. बटण ओल्या अंगठ्याला सापडलं पाहिजे. एवढ्यावर थांबेल तर काकी कसली! पट्टा डोक्याला बांधून ती भर दुकानात उकिडवी बसली, समोर गाय असल्यासारखे हात चालवले, मान खाली घातली, इकडे तिकडे वळवली. दोन घसरून नाकावर आल्या, तिसरी जागची हलली नाही. गिऱ्हाइकं हसत होती, काकीला त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन. "गे बाय, माझे दोनय हात मोकळे झाले!" लग्नातसुद्धा एवढी खूश दिसली नव्हती ती.

आणि हे सुख खुपलं कोणाला? पोटच्या पोराला. दिगूच्या कुणा मित्राने पहाटे तिला खाणकामगारासारखा डोक्यावर दिवा लावून गोठ्यातून येताना पाहिलं आणि चारचौघांत म्हणाला, "खाण बंद पडली, पण तुझी आई अजून ड्युटीवर!" झालं. साहेबांची अब्रू गेली. "आये, ती घालू नको. लोक माका हसतत," म्हणत त्याने ती फळीवर टाकली आणि हातात धरायची मोठी चकचकीत बॅटरी आणून दिली. आई दातांत बॅटरी धरून दूध काढायची तेव्हा याला लाज वाटली नाही! मी काकीला म्हटलं, ऐकू नको त्याचं. "नको गे. माझ्या झिलाची मान खाली कित्याक घालूक लावू?" राग तिचाही येतो मला, खोटं कशाला बोलू...

पावसाळा लागला तसे उतरणीवरचे चिरे शेवाळले. एका हातात दुधाची बालदी, एका हातात ती चकचकीत बॅटरी. बाजूला बांबूचा कठडा होता, चांगला मजबूत. पण धरायला हात कुठे होता? काकी पडली ती परत उठलीच नाही. भेटायला गेले तेव्हा तिने नुसतं फळीकडे बोट केलं. मी डोक्याची बॅटरी काढून दिली, ती तिने उशाखाली ठेवली, शेवटपर्यंत. अंथरूण काढलं त्या दिवशी मी ती माझ्या पिशवीत टाकली.

बाराव्याला दिगू पाहुण्यांना सांगत होता, आई किती हिकमती होती, डोक्याला बॅटरी बांधून दूध काढायची म्हणून. मेल्या म्हशीला मणभर दूध! मागच्या पडवीत पंगत बसली आणि आभाळ असं भरून आलं की भरदुपारी काळोख झाला. तेवढ्यात वीज गेली. एका हातात वरणाची बालदी आणि एका हातात डाव घेऊन दिगू पंगतीत उभा. पानं दिसेनात. मला म्हणतो, "ताई, आयेची ती डोक्याची बॅटरी खंय आसा गे?"

मी आत गेले आणि त्याने आणलेली ती चकचकीत बॅटरी घेऊन आले. काच तडकलेली, पण पेटत होती. त्याच्यापुढे धरली. "ही घे. तुझ्या आईला दिली होतीस ना? धर हातात आणि वाढ."

त्याने बालदीकडे पाहिलं, डावाकडे पाहिलं. धरणार कुठे? तो तसाच उभा राहिला, मान खाली घालून. मग मी पिशवीतून काकीची बॅटरी काढली, डोक्याला बांधली, त्याच्या हातातून बालदी आणि डाव घेतला आणि दोन्ही हातांनी सगळी पंगत वाढली. ज्याच्या पुढ्यात वाकत होते त्याच्या तोंडावर उजेड पडत होता. कोणी हसलं नाही. "हसा की आता," मी म्हटलं.