कंपनीच्या फोनवरचं घरचं टपाल

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना माझे साडू जितके संकोचतात, तितकी नवी नवरीसुद्धा सासरच्या डब्यांना हात लावताना संकोचत नसेल. मुरबाड आणि शहापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी असा दुसरा माणूस मिळणार नाही, आणि मिळालाच तर त्याने कृपा करून माझ्या घरी येऊ नये, एक पुरे आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहायला सापगावला, नोकरी भाताचं बियाणं विकणाऱ्या एका कंपनीत. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना संकरित बियाण्याच्या पिशव्यांचं महत्त्व पटवायचं, पीक उभं राहिलं की बांधावर जाऊन फोटो काढायचे आणि साहेबांना पाठवायचे, हे त्यांचं काम. त्यासाठी कंपनीने त्यांना एक मोठा, काळा, गुळगुळीत फोन दिला आणि त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांची झोप उडाली.

त्या फोनला ते फोन म्हणतच नाहीत. 'कंपनीचा' म्हणतात. 'कंपनीचा चार्जिंगला लावलाय', 'कंपनीचा जरा गरम झालाय', असं घरात आजारी पाहुणा असल्यासारखं हळू आवाजात सांगतात. घरच्या बोलण्यासाठी त्यांच्याकडे स्वतःचा बटणांचा फोन आहे, त्याचं पाचाचं बटण दाबायला अंगठ्यात पैलवानाचं बळ लागतं, पण बायकोला भाजी विचारायची ती त्याच फोनवरून. त्यांच्या थोरल्या मुलीच्या साखरपुड्याला फोटोवाला उशिरा आला. अंगठ्या घालायची वेळ झाली, भटजी खोळंबले, सगळे ओरडायला लागले, 'अहो, तुमच्या फोनवर काढा ना!' तर या गृहस्थांनी खिसा दोन्ही हातांनी दाबून धरला. म्हणाले, "कंपनीनं भाताचे फोटो काढाला दिलाय, पोरीचे नाय." शेवटी व्याह्यांनी स्वतःच्या फोनवर फोटो काढले. त्या फोटोंत व्याही सोडून सगळा गाव आहे, आणि व्याही ते अजून विसरलेले नाहीत.

आता अशा माणसाला खाजगी ईमेल असावी, हा नियतीचा खट्याळपणाच म्हणायचा. धाकट्या मुलीनेच ती काढून दिली होती. बटणांच्या फोनवर ती उघडत नाही आणि कंपनीच्या फोनवर उघडली की यांचं मन खातं. आणखी एक फोन घ्यावा तर म्हणायचे, "एका मानसाला तीन फोन? लोक काय म्हनतील?" मग त्यांनी स्वतःपुरतं एक शास्त्र तयार केलं. मुरबाडच्या बाजाराच्या दिवशी ते कामाला इकडे येत, आणि काम आटोपलं की संध्याकाळी आमच्या घरी. आल्याआल्या कंपनीचं चिन्ह असलेला शर्ट काढायचा, खुंटीला टांगायचा, तोही खिसा भिंतीकडे करून. हातपाय धुवायचे. मग बनियनवर ओटीवर मांडी घालून बसायचं आणि मला शाळामास्तराला म्हणायचं, "मास्तर, जरा हवा सोडा." हवा म्हणजे माझ्या फोनचं इंटरनेट. कंपनीच्या इंटरनेटवर घरचं टपाल वाचणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. फोनमध्ये खाजगी खिडकी नावाची एक सोय असते, काय पाहिलं ते ती लक्षात ठेवत नाही, हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. ती खिडकी उघडताना ते आमच्या घराची खरी खिडकीसुद्धा लावून घेत. वाचून झालं की बाहेर पडायचं, फोन बंद करून पुन्हा चालू करायचा, काच पंच्याने पुसायची, शर्ट चढवायचा आणि मगच चहाला हात लावायचा.

एवढी गुप्तता पाळणारा माणूस पासवर्ड मात्र मोठ्याने पुटपुटत टाकायचा. एकेक अक्षर शोधायचं, तोंडाने म्हणायचं आणि मग दाबायचं, असा क्रम होता. पहिल्याच महिन्यात तो मला, माझ्या बायकोला आणि शेजारच्या काकूंना पाठ झाला. दर महिन्याला ते सावधगिरी म्हणून पासवर्ड बदलायचे आणि आम्ही सगळे नवा पाठ करायचो. एकदा त्यांचा मधलाच एक आकडा सुटला, मेल उघडेना, साडू घामाघूम झाले, तर स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "दाजी, सात राहिला!" साडूंनी सात टाकला, मेल उघडली, आणि हिला कसं कळलं हा प्रश्न त्यांना आजतागायत पडलेला नाही. आम्हीही त्या माहितीचा कधी उपयोग केला नाही, हे आमच्या घराण्याच्या अब्रूसाठी मी इथे नमूद करतो. मोह झाला नाही असं मात्र म्हणवत नाही.

कारण त्या मेलमध्ये होतं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोला वेगळाच संशय. ती माझ्या बायकोला फोनवर म्हणाली, "या वयात कोना बाईची पत्रं येतान यांना? विचार गो तुझ्या नवऱ्याला." मी एकदा ओटीवर बसल्याबसल्या विचारलं. साडूंनी पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि ते म्हणाले, "बाईचीच येतान." मी चहाचा कप खाली ठेवला. पण ती बाई लांब मराठवाड्याकडची निघाली, वयाने यांच्याहून मोठी, आणि तिचं काम भाताची जुनी वाणं जपून ठेवायचं. डोळखांबच्या पलीकडे एका पाड्यावर एक म्हातारी आहे, तिच्या आईने दिलेलं एक गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात ती अजून पेरते. आख्ख्या पट्ट्यात ते आता तिच्याकडेच उरलंय. "बाकीच्यांचा गेला," साडू खाली बघत म्हणाले, "मीच घालवला ना. मीच पिशव्या विकल्या त्यांना. कंपनीचा खातो, कंपनीच्या वाईटावर नाय मी. पन म्हातारीचा बी मरू नये, एवढाच." ते बियाणं कधी पेरतात, दाणा कसा, वास कसा, हे सगळं ते त्या बाईंना कळवत होते. कंपनीच्या माणसाने असली उठाठेव केलेली साहेबांना खपली नसती, नोकरीची दोन वर्षं राहिलेली आणि धाकटीचं शिक्षण चालू. मी हे माझ्या बायकोला सांगितलं, तिने ताईला सांगितलं, आणि ताई म्हणाली, "मेला, आदी नाय का सांगाचा!" त्या आठवड्यात आम्हाला सापगावहून वालाच्या शेंगा आल्या.

कार्तिकात म्हातारीचं भात पिकलं. बाईंनी फोटो मागितला. साडूंपुढे धर्मसंकट उभं राहिलं, कारण फोटो काढायला फोन एकच. त्यावरही त्यांनी शास्त्रार्थ काढला. त्या दिवसाचं कंपनीचं काम संपवलं, पाड्यावर गेले, बांधावर उभं राहून शर्ट काढला, झुडपावर टाकला आणि बनियनवर फोटो काढला. छातीएवढ्या भातात उभी म्हातारी, दोन्ही हातांत लोंब्या आणि तोंडभर हसू. बाजाराच्या दिवशी माझ्या हवेवर तो बाईंना गेला. त्यानंतर चारच दिवसांनी साहेबांचा निरोप आला, 'शहापूरच्या मीटिंगला या, तुमच्या डोळखांबच्या फोटोबद्दल बोलायचंय.' साडू धावत माझ्याकडे आले. मी फोन पाहिला आणि कपाळावर हात मारला. शेतात काढलेला प्रत्येक फोटो, गावाचं नाव आणि वेळ घालून, तो फोन तिथल्या तिथे ऑफिसात पाठवत होता. माणूस खरंच फिरतीवर गेला की नाही हे साहेबांना कळावं म्हणून ती व्यवस्था होती. साडू माझ्याकडे अगदी लहान तोंड करून बघत होते. "पन मास्तर," ते म्हणाले, "मी शर्ट काढला होता."

मीटिंगला मी त्यांच्याबरोबर गेलो. एकट्याने जायचा धीर त्यांना होत नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही घरी बसवत नव्हतं. ते स्वतःचा पांढरा शर्ट घालून आले होते. हातात पिशवी, तिच्यात इस्त्री केलेला कंपनीचा शर्ट, फोन, चार्जर, फोन ज्या खोक्यातून आला ते खोकं, आणि सिम काढायची ती एवढीशी टाचणी कागदात गुंडाळून. सगळं परत करायच्या तयारीने आलेला माणूस. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. साहेब तरुण होता, बोलायला गोड. त्याने भिंतीवर म्हातारीचा तो फोटो लावला आणि म्हणाला, "हेड ऑफिसला हा फोटो इतका आवडलाय की नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर पहिल्या पानावर घेतोय. आपल्या बियाण्याचं असं पीक मी स्वतः बघितलेलं नाही. टाळ्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सुटलो एकदाचे, असं वाटून मी साडूंकडे बघून मान हलवली, की बाबा, आता बसा गप्प.

साडू उभे राहिले. पिशवी छातीशी धरलेली. म्हणाले, "साहेब, ह्या आपल्या पिशवीतला भात नाय."

टाळ्या हळूहळू थांबल्या. साहेबाने विचारलं, "म्हणजे?"

"म्हातारीचा हाय. तिच्या आईच्या येलचा. त्याच्यावर आपला नाव टाकला तं खोटा होईल. फोटो मी माझ्या कामाला काढला, कंपनीच्या फोनवर काढला, ती चूक माझी. मेल माझ्या मेलवरून केली," आणि इथे त्यांनी भर सभेत माझ्याकडे बोट केलं, "नि हवा या मास्तरांची होती."

पन्नास माथी वळून माझ्याकडे बघायला लागली. आयुष्यात इतक्या लोकांनी माझ्याकडे एकदम कधी पाहिलं नव्हतं. साहेबाने भिंतीवरचा फोटो बंद केला, पिशवीतलं सगळं टेबलावर मांडणाऱ्या साडूंना ते उचलायला सांगितलं आणि मीटिंग पुढे चालू केली. नोकरी राहिली. आठवड्याने लेखी समज आली आणि त्यांची फिरती बदलून भिवंडीच्या बाजूला दिली. डोळखांब दुसऱ्या माणसाकडे गेलं. घरी येताना मी त्यांना वाटभर बोललो, एवढ्या सुखाने सुटत होता, तोंड उघडायची काय गरज होती म्हणून. ते एवढंच म्हणाले, "तिचा फोटो हाय ना तो, मास्तर." त्यांच्या जागी मी असतो तर मी गप्प बसलो असतो, कॅलेंडरच्या दहा प्रती मागून घेऊन नातेवाइकांत वाटल्या असत्या. हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

आता कधीतरी रविवारी ते स्वतःच्या स्कूटरने डोळखांबच्या बाजूला जातात आणि मला मागे बसवतात. मागच्या खेपेला म्हातारी दारातच नाचणी पाखडत बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून आम्हाला ओळखलं. "आता तो दुसरा पोरगा येतं रं पिशव्या घेऊन," ती म्हणाली, "तुला काढला का कंपनीनं?"

"नाय गो आजी. अजून नाय."

"मंग आज कोनाच्या कामाला आलास?"

साडू तिच्यासमोर जमिनीवर बसले, सुपातले दाणे तळहातावर घेतले आणि त्यांतले खडे वेचायला लागले. मग म्हणाले, "माझ्या." तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मी नजर वळवून समोरच्या डोंगराकडे बघत बसलो, आणि असं एखादं काम आपल्यालाही असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.